जुळ्यांतले दुसरे कोकरू : फलटण तालुक्यातील एका वेताचा प्रकरण अभ्यास

दख्खनी मेंढीला एका वेताला बहुधा एकच कोकरू होते, आणि सातारा, सांगली, सोलापूर या दुष्काळी पट्ट्यातल्या मेंढपाळाचा वर्षाचा हिशेब त्या एका कोकरावर बेतलेला असतो. फलटण आणि त्याच्या आसपासच्या काही कळपांत गेल्या दोन-अडीच दशकांत हा हिशेब बदलला आहे, कारण तिथे जुळी देणाऱ्या मेंढ्या आल्या आहेत. फलटण तालुक्यातील अशाच एका कुटुंबाच्या कळपातील एका मेंढीचे एक वेत मी गाभणकाळाच्या शेवटच्या दीड महिन्यापासून कोकरे दुधावरून तुटेपर्यंत पाहिले. कुटुंबाची संमती आहे. नावे मात्र मुद्दाम दिलेली नाहीत. हे वेत सविस्तर मांडण्याचे कारण असे, की जुळी होणे हे मेंढीच्या रक्तातून येत असले, तरी दुसरे कोकरू जगते की मरते याचा निकाल व्यायच्या आधीच्या सहा आठवड्यांत आणि व्याल्यानंतरच्या सहा तासांत लागतो, हे त्यात फार स्पष्टपणे दिसले.

जुळ्यांचे मूळ

फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने, जिची स्थापना १९६८ साली झाली, १९९०च्या दशकात बंगालच्या सुंदरबनातून गरोल जातीच्या मेंढ्या आणल्या. गरोल मेंढी अंगाने इतकी लहान, की पूर्ण वाढलेल्या मादीचे वजन दहा ते पंधरा किलोंच्या आसपास भरते. पण ती दोन-दोन, तीन-तीन कोकरे देते. याचे कारण तिच्यातील ‘फेक-बी’ हे जनुक. ते ऑस्ट्रेलियातील बूरूला मेरिनो मेंढ्यांत आधीच प्रसिद्ध होते, आणि अठराव्या शतकाच्या अखेरीस कलकत्त्याहून न्यू साउथ वेल्सच्या वसाहतीत जहाजाने गेलेल्या बंगाली मेंढ्यांतूनच ते तिकडे पोहोचले असावे, असे संशोधक मानतात. या जनुकातला नेमका बदल २००१ साली उलगडला, आणि तेव्हापासून रक्ताच्या थेंबावरून कोणत्या मेंढीत त्याची एक प्रत आहे, कोणत्या मेंढीत दोन आहेत आणि कोणत्या मेंढीत एकही नाही, हे प्रयोगशाळेत सांगता येऊ लागले.

निंबकर संस्थेने ऑस्ट्रेलियातील विद्यापीठे आणि पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा यांच्या सहकार्याने हे जनुक दख्खनी मेंढीत उतरवले. गरोलचा लहान बांधा नको होता, म्हणून पिढ्यान्‌पिढ्या दख्खनी, कर्नाटकातील बन्नूर आणि काही प्रमाणात इस्रायलमधील अवासी या जातींशी संकर करत जनुक तेवढे ठेवले आणि अंगकाठी मोठी केली. त्यातून तयार झालेला वाण ‘नारी सुवर्णा’ या नावाने ओळखला जातो. ज्या मेंढ्यात जनुकाच्या दोन्ही प्रती आहेत असा मेंढा साध्या दख्खनी कळपात सोडला, तर त्याच्या प्रत्येक मुलीत एक प्रत हमखास उतरते. एका प्रतीने प्रत्येक वेताला जुळेच होते असे नाही; काही वेतांना एकच कोकरू होते, बऱ्याच वेतांना दोन होतात. अशा मेंढ्यांच्या कळपात दर वेतामागे जिवंत कोकरांची सरासरी साध्या दख्खनीपेक्षा सुमारे अर्ध्या कोकराने वाढते, एवढे धरून चालावे.

या प्रकरणातील मेंढी अशाच मेंढ्याची मुलगी. तिचे हे तिसरे वेत होते. पहिल्या वेताला एकच कोकरू झाले. दुसऱ्या वेताला दोन झाली, आणि त्यांतले एक दुसऱ्या दिवशी दगावले. ते का दगावले हे तेव्हा कोणी पाहिले नव्हते, कारण कळप त्या वेळी वाटेवर होता.

वाडा आणि घर

कुटुंब धनगरांचे. पावसाळा सरला की थोरल्या भावाचा वाडा, म्हणजे मेंढ्या, घोडी, बिऱ्हाड आणि कुत्री, पश्चिमेकडे सरकतो आणि उन्हाळा संपेपर्यंत गावोगावच्या शेतांत मेंढ्या बसवत फिरतो. शेतकऱ्याला लेंडीखत मिळते, मेंढपाळाला त्या बदल्यात धान्य किंवा पैसे मिळतात. जेठात-आषाढात पाऊस लागल्यावर कोवळे गवत येते, मेंढ्या माजावर येतात आणि साधारण एकशे अठ्ठेचाळीस ते दीडशे दिवसांनी, म्हणजे कार्तिक-मार्गशीर्षाच्या सुमारास, वेतांचा हंगाम ऐन भरात येतो. याचा अर्थ असा, की बहुसंख्य मेंढ्या नेमक्या प्रवासात वितात. कोवळी कोकरे घोड्याच्या पाठीवर बांधून किंवा डालग्यात घालून पुढच्या मुक्कामाला नेतात. हे काम बायका करतात आणि ते त्यांना उत्तम येते. एका कोकराच्या हिशेबाने ही सारी पद्धत पिढ्यान्‌पिढ्या घडलेली आहे.

आदल्या वर्षीच्या अनुभवानंतर दोघा भावांनी ठरवले, की जुळी देणाऱ्या वीसएक मेंढ्या वाड्याबरोबर पाठवायच्या नाहीत. त्या धाकट्या भावाकडे, ज्यांना सगळे तात्या म्हणतात, घरच्या दीड एकर बागायतीवर ठेवायच्या. माझ्या मते या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय हाच होता, आणि तो कोणी अधिकाऱ्याने सांगितला नव्हता.

शेवटचे सहा आठवडे

गर्भाची सुमारे सत्तर टक्के वाढ शेवटच्या सहा आठवड्यांत होते. पोटात दोन जीव असले, की त्या काळात मेंढीची गरज जवळजवळ दुपटीने वाढते, आणि त्याच वेळी गर्भाशयाने जागा व्यापल्यामुळे कोठीपोट आक्रसते. मेंढीला जास्त हवे असते, पण कडब्यासारखा भरड चारा तिला पुरेसा खाताच येत नाही. मग ती अंगावरची चरबी मोडू लागते आणि हे मर्यादेबाहेर गेले, की रक्तात विषारी घटक साठतात. मेंढी कळपामागे रेंगाळते, खाणे सोडते, नजर शून्यात जाते, मान वाकडी होते आणि बऱ्याचदा दोन्ही कोकरांसह मरते. जुळ्यांच्या कळपात हा आजार नवा आहे. एका कोकराची सवय असलेला मेंढपाळ तो सहसा ओळखत नाही. त्याला वाटते, काही विषारी पाला खाल्ला असावा.

तात्यांच्या घरी गाभण मेंढ्यांना दिवसा बांधावर आणि पडीक रानात चारून आणत. संध्याकाळी गव्हाणीत लसूणघास आणि दशरथ घास टाकत, आणि त्यावर प्रत्येकी पाव किलोच्या आसपास मक्याचा भरडा आणि शेंगदाणा पेंड देत. पोटे वाढलेल्या मेंढ्यांना हा खुराक दोन वेळांत विभागून द्यावा, ही सूचना पशुवैद्यकीय दवाखान्यातून मिळाली होती आणि ती काटेकोर पाळली गेली. व्यायच्या महिनाभर आधी आंत्रविषाराची लसही टोचून घेतली होती. मेंढीच्या गर्भाला नाळेतून रोगप्रतिकारक द्रव्ये मिळत नाहीत. जी काही मिळतात ती जन्मानंतर चिकातून. म्हणून गाभण आईला टोचलेली लस चिकावाटे कोकराच्या उपयोगी पडते.

खुराकाचा खर्च हा घरात वादाचा विषय होता, हेही नोंदवायला हवे. वाड्यावरच्या मेंढीला विकतचे काही घालायचे नसते. ती रानावर जगते, आणि त्यातच या व्यवसायाचा सारा फायदा आहे. थोरल्या भावाचे म्हणणे होते, की पेंड घालून मेंढी पाळायची तर मग गाय काय वाईट. हा आक्षेप खोटा नाही. त्याला उत्तर फक्त दुसरे कोकरू जगल्यावरच देता येते.

वेत

मार्गशीर्षातल्या एका थंड रात्री, जेवणे उरकल्यावर, मेंढी कळपातून बाजूला झाली. ती पायाने जमीन उकरत होती, बसत होती, उठत होती, मागे वळून स्वतःची शेपटी हुंगत होती. तात्यांच्या पत्नीने, ज्यांना मी काकी म्हणत असे, तिला तिथून हलवले नाही. तिच्याभोवती वाघूर, म्हणजे जाळीचे कुंपण, लावून जागा तेवढी वेगळी केली आणि खाली कोरडे काड पसरले. मेंढी व्यायला जी जागा निवडते तिथे तिचे गर्भजल सांडते, आणि त्या वासाशी ती बांधली जाते. अशा वेळी तिला ओढून गोठ्यात नेले, तर ती परत त्याच जागी जायला धडपडते.

पाणमोट फुटल्यानंतर अर्ध्या तासाच्या आत पहिले कोकरू आले. दोन पुढचे पाय, त्यांवर टेकलेले नाक, मग डोके, खांदे. कोणी हात लावला नाही. मेंढीने लगेच चाटायला सुरुवात केली आणि तोंड मिटून एक खोल, घुमणारा आवाज काढू लागली. हा आवाज ती एरवी काढत नाही. नुकत्याच जन्मलेल्या कोकरासाठीच तो असतो. कोकरू अडीच किलोंच्या पुढचे होते. पंधरा-वीस मिनिटांत ते धडपडत उभे राहिले आणि कासेकडे सरकू लागले.

मी समजलो होतो, की काम झाले. काकी म्हणाल्या, “दुसरं हाय अजून. पोट बघा की तिचं.”

पहिल्यानंतर पाऊण तास उलटला तरी दुसरे आले नाही. मेंढी पुन्हा कळा देऊ लागली होती, पण त्यांत जोर नव्हता, आणि मधूनच ती कळा सोडून पहिल्याला चाटायला वळत होती. अखेर दोन खुर दिसले. खुरांचे तळवे आकाशाकडे होते. तात्यांनी हात साबणाने धुऊन, तेल लावून, आत बोटांनी चाचपले. पुढच्या पायाचे खुरावरचे सांधे आणि गुडघा एकाच दिशेने वाकतात. मागच्या पायाची घोटी उलट दिशेने वाकते. कोकरू पायाळू होते. अशा वेळी मागचा भाग बाहेर आला, की नाळ दाबली जाते आणि डोके आत असतानाच कोकरू श्वास घ्यायला बघते. म्हणून एकदा ओढायला घेतले, की थांबून चालत नाही. तात्यांनी कळेबरोबर खाली, मेंढीच्या खुरांच्या दिशेने, एकसारखे ओढले. कोकरू बाहेर आले ते निपचित, नाकातोंडात चिकट पाणी भरलेले.

जुन्या पद्धतीत अशा कोकराला मागचे पाय धरून गरगर फिरवतात. त्याने छातीतले पाणी निघते त्यापेक्षा पोटातले अधिक निघते, आणि मानेला इजा होण्याची भीती असते. इथे काकींनी बोटाने तोंड साफ केले, एक कोरडी काडी नाकपुडीत फिरवली आणि गोणपाटाने छाती जोरात चोळली. कोकरू शिंकले. त्यानंतरचे पहिले चारसहा श्वास अडखळत आले, मग लय धरली. नाळेला आयोडीन लावले. वजन दोन किलोंच्या आत भरले.

वास आणि वेळ

खरी अडचण यानंतर सुरू झाली. मेंढीने या कोकराकडे वळूनही पाहिले नाही.

मेंढीचे मातृत्व फार कमी वेळाच्या खिडकीत पक्के होते. कोकरू जन्ममार्गातून बाहेर येताना जो ताण बसतो, त्याने तिच्या मेंदूत ऑक्सिटोसिन सुटते आणि एरवी ज्याचा तिला तिटकारा असतो त्या गर्भजलाच्या वासाची ओढ लागते. पुढच्या दोनएक तासांत ती स्वतःच्या कोकराचा वास ओळखू लागते, आणि एकदा ती ओळख बसली, की बाकी सगळी कोकरे परकी होतात. त्यांना ती ढुसण्या मारून हाकलते. पहिले कोकरू तासभर आधी आले होते. दुसरे आले ते माणसाच्या हातांत. गोणपाटाने पुसले जाऊन त्याच्या अंगावरचा अर्धा वासही गेला होता. तात्यांच्या आई एवढा वेळ दाराशी बसून होत्या. त्या म्हणाल्या, “आईनं वास घेतला न्हाई तर लेकरू परकं. पुसू नका आता त्याला.”

त्यांच्या सांगण्यावरून काडावर सांडलेले गर्भजल कोकराच्या पाठीला, शेपटीला, डोक्याला चोळले आणि ते मेंढीच्या तोंडाशी, पहिल्याच्या अगदी शेजारी ठेवले. पहिल्या कोकराला मुद्दाम दूर केले नाही, कारण मग मेंढी त्याच्यामागे गेली असती. तिने हुंगले, बाजूला केले, पुन्हा हुंगले. दुसऱ्यांदा तिने शेपटीशी दोनदा जीभ फिरवली. एवढे झाल्यावर सगळे मागे सरले आणि कंदील लांब नेला.

तरीही कोकरू उठत नव्हते. तोंडात बोट घातले तर आतून गार लागत होते. थर्मामीटर लावला, ताप साडेसदतीस अंशांच्या थोडा खाली होता, जो नवजात कोकरात एकोणचाळीस ते चाळीस अंश असायला हवा. कोकराच्या अंगात जन्मतः तपकिरी चरबीचा थोडा साठा असतो आणि पहिले काही तास ते तिच्यावर ऊब धरून राहते. तो साठा संपायच्या आत पोटात चीक गेला तर ठीक. पाच-सहा तास उलटून गेलेले, पूर्ण गार पडलेले कोकरू आधी शेकले, तर रक्तातली साखर संपून ते झटके येऊन मरते. त्याला आधी पशुवैद्यकाकडून ग्लुकोज द्यावे लागते. आपल्या कोकराला तास-दीड तासच झाला होता आणि ते मान धरत होते, म्हणून क्रम सोपा होता: कोरडे करणे आणि पाजणे.

काकींनी मेंढीचे दोन्ही सड पिळून तोंडाशी बसलेला मेणचट खडा काढला आणि वाटीत चीक काढला. गाई-म्हशींच्या बाबतीत अनेक घरांत अजून असे मानतात, की वार (व्याल्यानंतर पडणारे गर्भाचे वेष्टण) पडल्याशिवाय वासराला पाजू नये. या एका समजुतीने किती वासरे गेली असतील याचा विचार मला अस्वस्थ करतो, कारण आतड्यांची चिकातली संरक्षक द्रव्ये जशीच्या तशी शोषून घेण्याची क्षमता तासागणिक कमी होत जाते आणि दिवसभरात जवळजवळ संपते. या घरात मेंढ्यांसाठी ती समजूत पाळत नाहीत. दोन किलोंच्या कोकराला एका वेळी शंभर मिलिलिटरपर्यंत आणि पहिल्या चोवीस तासांत चारशेच्या आसपास चीक लागतो. चोखण्याची ओढ क्षीण असल्याने पहिल्यांदा नळीने पाजले. नळी डाव्या गालाच्या बाजूने हळूहळू सरकवून, कोकरू गिळते आहे याची खात्री करून. हे काम तात्यांच्या मुलीने केले. ती पशुवैद्यकीय शिबिरात शिकून आली होती.

तासाभराने कोकरू उभे राहिले. मेंढीने त्याला कासेशी येऊ दिले नाही. एकदा पायाने सारले. मग काकींनी तिला भिंतीशी गुडघ्याने दाबून धरले आणि दोन्ही कोकरे दोन सडांना एकदम लावली. दोघे लुचू लागल्यावर मेंढी मागे वळून शेपट्या हुंगते. ती पहिल्याची हुंगत होती, दुसऱ्याची हुंगत होती, आणि दोन्ही शेपट्यांना एकच चिकाचा आणि गर्भजलाचा वास होता. वार मध्यरात्रीनंतर पडली. पहाटेपर्यंत तिला आणि दोन्ही कोकरांना त्याच वाघुरीत, त्याच जागी ठेवले. सकाळी दुसरे कोकरू स्वतःहून कासेला गेले तेव्हा तिने ते घुमणारे बोलणे त्याच्याशीही केले.

हे सहा तास

ऑस्ट्रेलियात मेरिनो मेंढ्यांवर झालेल्या अभ्यासांत असे दिसले आहे, की जुळी व्यालेली मेंढी जन्मजागेवर सहाएक तास थांबली, तर दोन्ही कोकरे जगण्याची शक्यता लक्षणीय वाढते. लवकर हलली, तर एक मागे राहते, आणि मागे राहिले हे तिच्या ध्यानातही येत नाही. मेंढीला कोकरू मोजता येत नाही. जवळ एक आहे एवढ्यावर तिचे समाधान होते.

फिरत्या वाड्यात हे सहा तास मिळणे कठीण आहे. कळप सकाळी हलतो, शेतमालकाशी ठरलेले असते, पुढचे पाणी गाठायचे असते. रात्री व्यालेली मेंढी सकाळी चालू लागते, तिच्यामागे एक कोकरू घोड्यावर आणि दुसरेही घोड्यावर. संध्याकाळी सोडल्यावर ती एकाला घेते. आदल्या वर्षी जे कोकरू दगावले ते बहुधा असेच गेले, असा तात्यांचा आता तर्क आहे, आणि तो मला पटतो. म्हणून कमी पोषण किंवा अशक्तपणा एवढेच कारण पुढे करून जुळ्यांची मर समजावून सांगणे अपुरे आहे. बऱ्याच वेळा कोकरू सशक्त असते. फक्त आईला ते आपले वाटलेले नसते.

यात श्रम कोणाचे, हेही पाहिले पाहिजे. त्या रात्री मेंढीजवळ तीन पिढ्यांच्या तीन बाया होत्या, आणि तात्यांनी पायाळू कोकरू ओढले तेवढे वगळता सगळे निर्णय त्यांनी घेतले. त्यानंतर महिनाभर दुसऱ्या कोकराला दिवसातून तीनदा बाटलीने वरचे दूध पाजले तेही त्यांनीच, कारण मेंढीच्या कासेत दोघांना पुरेल इतके दूध नव्हते. दख्खनी मेंढीचे दूध एका कोकराच्या मापाचे आहे. जनुक बीजांडांची संख्या वाढवते, कास वाढवत नाही.

तीन महिन्यांनी दोन्ही कोकरे जिवंत होती. दुसरे पहिल्यापेक्षा दोनएक किलोंनी हलके राहिले, आणि कळपातल्या एकेकट्या वाढलेल्या कोकरांच्या शेजारी दोघेही लहान दिसत. मात्र दोघांचे मिळून वजन त्या एकट्यांपेक्षा बरेच अधिक होते. पहिला नर लोणंदच्या बाजारात विकला, दुसरी मादी ठेवली. खुराक, लस आणि वरचे दूध यांचा खर्च वजा करूनही त्या वेतात शिल्लक राहिली. बायकांच्या श्रमाचे मोल त्यात धरलेले नव्हते, आणि मी तसे सुचवल्यावर थोरल्या भावाने वहीत त्यासाठी एक वेगळी ओळ घालायला सांगितली.

पुढच्या हंगामासाठी मेंढा कोणता सोडायचा, हा प्रश्न यानंतर घरात निघाला. जनुकाच्या दोन्ही प्रती असलेला मेंढा पुन्हा सोडला, तर एक प्रत असलेल्या या मेंढ्यांच्या निम्म्या मुलींत दोन प्रती येतील, आणि अशा मेंढ्यांत तिळ्यांचे प्रमाण वाढते. एका मेंढीला सड दोनच. काकींनी सरळ सांगितले, की एका हंगामात अशी वीस वेते त्या सांभाळू शकतात, त्यापुढे नाही. म्हणून घरच्या वीस मेंढ्यांवर जनुक नसलेला दख्खनी मेंढा सोडायचा, त्यांच्या मुलींची रक्ततपासणी करून एक प्रत असलेल्या तेवढ्या घरी ठेवायच्या आणि बाकीच्या वाड्यात मिसळायच्या, असे ठरले. ती धाकटी मादी कोणत्या बाजूला जाते हेही तपासणीवरच ठरणार आहे. तिचे रक्त वर्ष संपायच्या आत देण्याचे तात्यांनी कबूल केले आहे.